नळी सोडा, सोंड धरा

अशोकभाऊजी आज सकाळी गेले, आणि मला हलकं वाटतंय.

कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. दीड वर्षाच्या आजारपणात त्यांनी जे सोसलं ते आम्ही घरात पाहिलंय. पण माझ्या हलकं वाटण्याचं कारण वेगळं आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जुन्नरला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. १९९७ मध्ये त्यांनी पुण्याहून जाड टायरची गियरची सायकल आणली, आणि त्या वेळच्या जुन्नरात तो एक तमाशाच झाला.

"अशोक, डांबरी रस्ता सोडून डोंगरात कशाला मरायला जातो रं?" सासूबाई विचारायच्या.

"आई, डांबरावं काय कुणीबी चालवतंय."

आपटाळ्याच्या रस्त्याला शेवटची घरं संपली की ते डावीकडे वळायचे. गुरांच्या वाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, सगळ्या त्यांनी चाकाखाली घातल्या. कुठली वाट बाभळीत संपते, कुठली थेट वर टेपावर, म्हणजे माथ्यावर नेते, हे शंभर पानी वहीत लिहून ठेवायचे.

मी पुणे कॅम्पातली, कॉन्व्हेंटची. शाळेत सायकलनेच जायचे. लग्नानंतर ती सुटली.

एक दिवस भाऊजी म्हणाले, "वैनी, येता का? दुसरी सायकल आणलीय."

पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आणि मी डोंगरावर. वय छत्तीस.

त्या वर्षभराच्या रविवारच्या सकाळी मी अजून विसरलेले नाही. वरून शिवनेरी दिसायचा. मला पहिल्यांदा वाटलं, हे गाव माझं आहे.

मग तो रविवार.

माथ्यावर भाऊजींच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं. ऊन चढत होतं. ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी आलोच मागनं. फकस्त नळी सोडा, सोंड धरा. नीट रस्त्याला लागाल."

मी "हो" म्हणाले.

उतारावर कुणीतरी विहिरीचं पाणी वर चढवायला काळा पाइप टाकला होता. मला वाटलं, हीच नळी. ही सोडायची.

उजवीकडे खडकांमधून एक वाट हत्तीच्या सोंडेसारखी वळत खाली गेली होती. मला वाटलं, हीच सोंड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे डोंगराची सोंड म्हणजे हळूहळू खाली उतरत जाणारी धार. पाइप त्या धारेवरूनच गेला होता. आणि नळी म्हणजे पाण्याने कापलेली उभी घळ.

मी सोंड सोडली आणि नळीत घुसले.

हात दोन ठिकाणी मोडला. भाऊजींनी मला त्या घळीतून अक्षरशः पाठीवर घेऊन वर काढलं.

घरी सासूबाईंनी त्यांना धारेवर धरलं. "घरातली सून नेऊन नळीत घातली! वाट तरी नीट सांगायची व्हती!"

भाऊजी माझ्याकडे बघत होते.

मी काहीच बोलले नाही. इथल्या शेंबड्या पोराला कळतं ते मला कळलं नाही, हे सांगायची लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

सायकली माळ्यावर गेल्या. पुढे पुण्याहून हेल्मेटवाली मुलं यायला लागली, दुकानात येऊन वाटा विचारायची. भाऊजी मान खाली घालून तार गुंडाळत राहायचे. "मी वाट सांगत नाय कुणाला."

मला वाटायचं, रुसलेत.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांच्या खाटेपाशी बसून मी शेवटी बोलले. "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बरोबर सांगितलं होतं. नळी म्हणजे मला तो पाइप वाटला."

"कंचा पाइप?"

"काळा. सोंडेवरचा."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजी मी उलटं न्हवतो बोललो?"

"नाही हो."

"मला वाटायचं, माझ्याच तोंडून 'नळी धरा' निघालं आसंल. म्हणून परत कुणाला सांगितली नाय वाट. म्हटलं, एखाद्याचा जीव घेईन."

मी त्यांचं पांघरूण नीट करायला गेले.

"एवढं सांगायला एवढी वर्षं? तोंड काय शिवलं व्हतं का वैनी?" ते रागावले होते. खरे रागावले होते. भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांच्या बायकोनं, शैलानं चहा आणला, तोही घेतला नाही.

थोड्या वेळाने त्यांची पाठ हलायला लागली. मी घाबरून उठले.

हसत होते.

"शैला, आगं ऐक! कॉन्व्हेंटवाल्या बाईनं पाइप सोडला गं, पाइप!"

पुढचे दोन दिवस फोन. आळ्याच्या मेहुण्यांना, दुकानातल्या जुन्या कारागिराला, निमगावच्या मामेभावाला. "आवो, ऐकलं का? मी नव्हतो चुकलो. वैनी चुकली व्हती!" मी शेजारी बसून प्रत्येकाला "हो, खरंय" म्हणत होते. इतकं मनापासून मी आयुष्यात कधी माफी मागितली नसेल.

सासूबाईंना मात्र सांगायचं राहिलं. त्या आधीच गेल्या.

म्हणून इथे लिहिते, सगळ्यांसमोर. भाऊजींनी वाट बरोबर सांगितली होती. चूक माझी होती, आणि गप्प राहिले ही त्याहून मोठी.

भाऊजी, तुम्ही रागावलात, हसलात आणि मगच गेलात. तुमचे उपकार.

सावकाश जा.

तुमची वैनी