आसरांच्या कोंडीतली हाक

माझी वयनी तुळसा ही आमच्या गावातली सगळ्यात कमी बोलणारी बाई आणि माझा दादा केरू हा सगळ्यात जास्त बोलणारा. एकानं बोलायचं नि एकीनं ऐकायचं, म्हणूनच त्यांचा संसार टिकला असं माझं मत आहे. दादा मुंबईला गिरणीत, वर्षातून एकदा गणपतीला घरी यायचा. वयनी इथं, सावर्ड्याच्या उगवतीला डोंगराच्या पायथ्याशी, भातशेती आणि आमच्या आई-बापांना सांभाळून असायची. मी गंगा, दादाची धाकटी बहीण. लग्न होऊन शेजारच्याच वाडीत पडले, म्हणून दोघांचीही गाऱ्हाणी माझ्याच कानावर यायची.

पाऊस सरत आला की वयनी डोक्यावर मीठ आणि सुकटीची पाटी घेऊन घळीच्या वाटेनं वर जायची. घाटमाथ्याच्या माळावर गवळी-धनगरांची चार घरं आहेत. पावसाळाभरात त्यांचं मीठ संपलेलं असतं आणि म्हशी भरपूर दूध देत असतात. मीठ-सुकट द्यायची आणि तूप आणायचं, हा तिचा लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा रिवाज. वाट मोठी दांडगी. पऱ्या म्हणजे डोंगरातला ओढा, तो धरून चढायचं, दोन्ही बाजूंना कडे, आणि एकावर एक धबधबे. त्यातल्या मोठ्या धबधब्याखाली आसरांची कोंड आहे, पाणी काळंभोर, तळ कुणाला लागलेला नाही. तिथल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, ओळखीच्या आवाजात हाक मारून माणसाला पाण्यात ओढतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून त्या घळीत कुणी हाक मारली तर तिसरी ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. आसरा दोनदाच हाक मारतात, तिसऱ्यांदा मारत नाहीत.

मिठासाठी सरकारनं माणसं तुरुंगात घातली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. गौरी-गणपती झाले आणि दादानं ठरवलं की या खेपेला आपणही वर जायचं. "लहानपणी मी या घळीत माकडासारखा चढायचो," असं त्यानं ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. वर पायात मुंबईचे बूट. मी म्हटलं, "दादा, बूट काढ, शेवाळावर घसरशील." तर म्हणतो, "तू गप गो. या बुटांनी अख्खं परळ पालथं घातलंय मी." परळात शेवाळ कुठलं, पण याला सांगणार कोण.

पहिला धबधबा ओलांडेपर्यंत त्याचं तोंड चालू होतं म्हणे. मग दम लागला तसं बोलणं आटलं. "तेव्हा मला बरं वाटलं वन्सं, जरा पाखरं तरी ऐकू आली," असं वयनीनं मला नंतर सांगितलं. मोठ्या धबधब्यापाशी दादा खडकावर टेकला आणि त्यानं विडी काढली. "तू हो पुढं, हा आलोच," म्हणाला. डोक्यावर ओझं घेऊन किती वेळ उभी राहणार, वयनी पुढं झाली. तेवढ्यात वरून धुकं उतरलं. आपला हात आपल्याला दिसेना असं दाट. वर माळावर कुठं तरी पाऊसही कोसळत असणार, कारण पऱ्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं होतं.

वरच्या टप्प्यावर तिनं पाटी उतरवली आणि वाट बघत बसली. एक सोडून चार विड्या ओढून झाल्या असत्या, तरी दादाचा पत्ता नाही. हाक मारावी तर काय म्हणून मारणार? आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. ती आपली "अवं, अवं" करून ओरडत राहिली. त्या धबधब्याच्या आवाजात तिचं "अवं" तिलाच ऐकू येईना.

मग खालून हाक आली. "तुळसाऽऽ"

आवाज दादाचा, पण दादानं जन्मात कधी तिला नावानं हाक मारली नव्हती. त्याचं आपलं "अगो" नाहीतर "ऐकलंस काय". बायकोचं नाव तोंडातून काढायला आमच्या पुरुषांना लाज वाटते. पुन्हा हाक आली, "तुळसाऽऽ". दोन झाल्या. ती तिसरीची वाट बघत राहिली. तिसरी आलीच नाही.

अशा वेळी मागं न बघता पळायचं असतं. तीही पळणारच होती. "पाय उचललाच होता वन्सं," ती म्हणाली. "मंग मनात आलं, आसरा असली तर मला नेईल. पण ते असले नि मी ओ दिली नाय, तर पाणी त्यांना नेईल. त्यापरीस मला नेऊ दे." एका दमात एवढं बोललेली माझी वयनी मी त्याच दिवशी पाहिली.

तिनं तोंडाभोवती हात धरले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली, "केरूऽऽ"

खालून ताबडतोब उत्तर आलं, "मेलीस काय गो, घसा फाटला माझा!" ती शिवी ऐकली आणि वयनीचा जीव भांड्यात पडला. आसरा काय वाटेल ते करतील, पण अशा शिव्या देणार नाहीत.

धुक्यात दिसत काहीच नव्हतं. ती त्याचं नाव घेत घेत, त्याच्या ओ-वर कान ठेवून, खडक चाचपत खाली उतरली. एकदा घेतलंच आहे तर मग लाज कसली. दादा कोंडीच्या काठाशी दोन खडकांच्या फटीत अडकला होता. बूट घसरून पाय खाली गेला तो निघेना, आणि पाणी छातीला लागलेलं. तो सारखा हाका मारत होता, पण धबधब्यानं त्यातल्या दोनच वर जाऊ दिल्या. वयनीनं पाण्यात बुडी मारून बुटाची नाडी सोडली, बूट तिथंच ठेवला आणि पाय मोकळा केला. मग बखोटीला धरून त्याला वर ओढला.

माळावर पोचेपर्यंत धुकं फाटलं होतं. आधी गवताचा वास आला, मग ऊन. जिकडं बघावं तिकडं पिवळी सोनकी, मधून तेरड्याचे गुलाबी पट्टे, आणि त्यात संथपणे चरणाऱ्या म्हशी. दादा तिथंच गवतात बसला आणि हमसून हमसून रडला. वयनीनं त्याला रडू दिलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, उघड्या माळावर, कोण बघतंय याची पर्वा न करता.

गवळ्यांच्या घरातली म्हातारी हौसा. तिनं दादाला चुलीपाशी बसवलं, पायाला हळद लावली आणि दोघांना वाडग्यातून ऊन दूध दिलं. मीठ तिकडं टप्प्यावर भिजून निम्मं वाहून गेलं होतं, पण त्याचा कुणी विषयही काढला नाही. दादाच्या अंगात धग आली, ओठांचा निळेपणा गेला. वयनी मात्र दाराशी बसून पदरानं डोळे पुसत होती. दूध तसंच.

"अगो, आता कशाला रडतेस?" हौसानं विचारलं. "माणूस सुखरूप आलाय ना तुझा?"

वयनी खाली मान घालून म्हणाली, "मी नाव घेतलं. किती वेळा घेतलं ते देवालाच ठावं. त्यांचं आयुष्य किती कमी झालं असंल?"

चुलीपाशी दादानं ते ऐकलं.

"अगो येडे," तो म्हणाला, "घेतलं नसतंस तर कमी व्हायला उरलं तरी काय असतं?"

वयनी रडता रडता हसायला लागली. मग तिनं वाडगा उचलला आणि सगळं दूध पिऊन टाकलं.