चांदणीची पाठराखीण

कोल्हापूर सोडलं त्या संध्याकाळी आमची गाडी शाहूपुरीत एका वरातीमागं अडकली. डॉल्बी दणाणत होता, पोरं नाचत होती, आणि नवरदेव बसला होता आमच्याच घोडीवर, चांदणीवर. लगाम धरून चालले होते आप्पा, माझे वडील. वरातीची सुपारी आधीच घेतलेली, त्यामुळं लेक आयर्लंडला निघाली तरी ते घरी थांबले नव्हते. मला बघून नवरदेवासकट घोडी वळवली आणि काचेपाशी आले. "जा की. रडतीस कशाला?" म्हणाले, आणि परत वरातीत गेले. मी पुण्यापर्यंत रडले.

तिकडं मी घोड्यांचे फोटो काढते. कान पुढं आले की घोडा फोटोत जिवंत वाटतो. त्यासाठी तिथले फोटोग्राफर मोबाईलवर खिंकाळण्याचा आवाज लावतात. मी आप्पांसारखी जीभ टाळ्याला लावून आवाज काढते. आयरिश घोड्यांनाही तो कळतो बघा! स्टड फार्मवरची माणसं घोड्याच्या गळ्यात पडतात, मुके घेतात. आप्पांचं लाडाचं बोलणं म्हणजे, "ए भवाने, पाय उचल." पण चांदणी पाणी प्यायल्याशिवाय त्यांनी कधी चहाचा कप तोंडाला लावला नाही.

माझ्यासारखे बाहेर गेलेले असाल तर तुम्हाला हे कळेल. चांदणीचे फोटो जिल्ह्यात घरोघरच्या लग्नाच्या अल्बमात आहेत, आणि आप्पा एकातही नाहीत. फार तर लगाम धरलेला हात दिसतो. जगाच्या घोड्यांचे फोटो काढणाऱ्या मला त्या दोघांचा एक फोटो हवा होता. म्हटलं की आप्पा उडवून लावायचे, "आपली कसली वरात हाय?"

यंदा आई फोनवर म्हणाली, "आप्पांचं गुडघं गेलं. घोडी गारगोटीला देणार हायेत." फोटो आता राहिला असता तर कायमचाच. मी सुट्टी टाकून गावी, कोडोलीला आले.

गिऱ्हाईक सकाळीच टेम्पो घेऊन आलं. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. आप्पांनी चांदणीच्या गळ्यातलं दावं सोडून माझ्या हातात दिलं. पावण्यांनी आपलं नवं दावं बांधलं, ओढलं, गूळ दाखवला. घोडी ढिम्म! शेवटी गुडघे धरत आप्पाच टेम्पोत चढले. "ये भवाने," म्हणाले, तशी ती मागोमाग चढली. ते उतरायला लागले की तीही वळायची. आई डोळे पुसत हसली, "जावा आता पाठराखीण म्हणून!"

आणि ते खरंच गेले. टेम्पो हलला तशी मी कॅमेरा उचलून ओरडले, "आप्पा, इकडं बघा!" त्यांनी बघितलं नाही. ते तिच्याकडं बघत होते. मी फोटो तसाच काढला. मग रस्ता मोकळा झाला आणि आईशेजारी मी दारात उभी राहिले. मागं राहणं कसं असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार वाईट असतं.

आप्पा संध्याकाळी एसटीनं परतले. "जागा बघितली. कोरडी हाय. पाणी बी प्याली," एवढंच सांगून जेवायला बसले. इतकी वर्षं फोनवर ते घोडीचंच बोलायचे आणि मग आईकडं फोन द्यायचे. त्या दिवशी भाकरी मोडता मोडता थांबले.

"तुझ्या तिकडच्या खोलीत वल न्हाय न्हवं?"

माझ्या पलंगामागच्या भिंतीला कायम बुरशी असते. सगळ्यांना मी 'मस्त चाललंय' म्हणूनच सांगत आले होते.

"हाय की आप्पा. लई हाय," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तसं कसं चालंल? येऊन बघाय पायजे."

आता गुडघ्याला पट्टा बांधून ते पासपोर्टच्या मागं लागलेत. घर मी मागं सोडून आले, असं मला आजवर वाटायचं. आता ते घरच निघालंय माझ्याकडं, जागा बघायला.