वरच्या खोलीतलं सुतक

हुडकेश्वरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत एक आफ्रिकन भाडेकरू होता. नागपुरात फुटबॉल खेळायला आलेला. गुडघा गेला तसे क्लबनं हात वर केले. सरकारी दवाखान्यात महिनाभर पडून होता, तेव्हा शेजारच्या पेशंटची बायको त्याला आपल्यातली पोळी द्यायची. बरा झाल्यावर तो गावी गेलाच नाही. त्याच दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना जेवण वाटणाऱ्या संस्थेत लागला.

गणपतीत आमच्या कॉलनीनं त्याला शाल-श्रीफळ दिलं. 'हा आपलाच माणूस' असं भाषण मीच ठोकलं. बोलायला काय जातं?

बाबा वारले तेव्हा आमची चूल तीन दिवस बंद होती. सोयरे पाळीनं डबे आणत. एक दिवस तोही वरण-भात घेऊन खाली आला. आई म्हणाली, "ठेव गा बापू, जेवतो आम्ही." तो वर जाताच तिनं डबा गाईपुढं उपडा केला. मी डबा विसळून परत दिला आणि वर सांगितलं, "मस्त झालं होतं."

गेल्या वर्षी तिकडं त्याची आई गेली. त्याला जाता आलं नाही. जिन्यात बसून मला म्हणाला, "मी गॅस नाही पेटवून राहिलो. तीन दिवस. आपल्यात असंच करतेत ना?"

मी घरात सांगितलं. आई फणकारली, "त्याले कायचं सुतक? आपण काहून डबा द्याचा? आपण का त्याचे सोयरे आहो?" बायकोनं फोडणीवरून मान वर केली नाही. मी निर्लज्जासारखा जेवायला बसलो. भरली वांगी होती, दोनदा घेतली.

जिन्यात पाऊल वाजलं की वरचं दार उघडायचं. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो, तर त्यानं आधी माझ्या हातांकडं पाहिलं. हातात बादली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईच्या गोळ्या आणायला मी त्याच दवाखान्यात गेलो. संस्थेच्या गाडीपुढं रांग होती. तो वाढत नव्हता, ताट घेऊन रांगेत उभा होता. मी खांबाआड सरकलो, पण त्यानं मला पाहिलं होतं.

वाढणाऱ्यानं विचारलं, "काहून गा, मालकाच्या घरून डबा नाही आला?"

"आला ना," तो म्हणाला. "मस्त झालं होतं."

आणि त्यानं ताट पुढं केलं.