घराखालून जाणारी गाडी

बुलेट ट्रेनचा बोगदा आमच्या घणसोलीच्या खालून जाणार होता, म्हणून सुरुंग लावण्याआधी एक इंजिनिअर घरोघरी भिंतींचे जुने तडे टिपायला आला. आमच्या स्वयंपाकघरातल्या तड्यावर त्यानं तडा वाढला तर फुटेल अशी काचेची पट्टी चिकटवली आणि फोटो काढला. माझ्या म्हाताऱ्या आईनं त्याला चहा दिला. माझी मुलगी सुरतेला दिली आहे. नातीकडे दोनेक तासांत जाता येईल, या एका गोष्टीवर आई सगळं सहन करायला तयार होती.

"ठेसन कुठं हाय?" तिनं विचारलं.

"ठाण्याला, आजी. म्हणजे तसं म्हातार्डीला, दिव्याजवळ."

रविवारी मी हट्टानं ती जागा बघायला निघालो. दोन रिक्षावाल्यांनी सरळ नाही म्हटलं, तिसरा शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. बुलेट ट्रेननं सुरत येईल एवढ्या वेळात मी म्हातार्डीला पोचलो. समोर नुसता माळ आणि क्रेन. याला म्हणे ठाणं म्हणायचं! तिथूनच चिडून मुलीला फोन लावला.

ती हसली. "बाबा, इथलं स्टेशनपण गावाबाहेरच आहे."

घरी येऊन आईला सगळं सांगत होतो, तेवढ्यात खाली पहिला सुरुंग उडाला आणि मांडणीतली भांडी वाजली. आईनं फरशीवर तळहात टेकवला.

"तुझी पोर त्या गाडीनं मुंबईला जाताना जवा खालशी जाईल, त्या येलेला मला सांग," ती म्हणाली. "मी इथंच बसून राहीन."