घरमालकांची नव्याण्णव मेंढरं

आमच्या लोणावळ्याच्या घरमालकांइतका आपल्या देवापायी दुसऱ्यांचा जीव खाणारा माणूस मी पाहिलेला नाही. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ धर्माने ख्रिस्ती, वेशाने धोतर-कोट-पागोट्याचे आणि स्वभावाने कमालीचे वाद घालणारे. कुणी त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हटलं की ते काठी टेकून उभे राहायचे आणि विचारायचे, "माझे आजोबा वडगावचे. मी कुठल्या बोटीने आलो, सांगता का जरा?" नाताळात केक कुठला आणता असं विचारणाऱ्या वाण्याला त्यांनी तासभर करंजीच्या सारणाची कृती ऐकवली होती. बरं, चर्चमध्ये तरी पटावं? तिथे ते इंग्रजी चालींवर टाळ कुटायचे आणि पाळकसाहेब वैतागून टाळ काढून घ्यायचे. ही सगळी कैफियत ऐकायला त्यांचा भाडेकरू, म्हणजे मी शाळामास्तर, भिंतीपलीकडे होतोच.

साठ-एकसष्टच्या सुमाराला गावात वाचनालय निघालं. उद्घाटनाला व्यासपीठावर सर्व धर्मांची माणसं हवीत असं ठरलं. ख्रिस्ती म्हणून आमचे घरमालक. चिटणिसांनी माझ्याकरवी निरोप धाडला, की सूट-टाय घालून या, नाहीतर लोकांना कळायचं कसं? ते म्हणाले, "मास्तर, कळायला टाय लागत असेल, तर मी इतकी वर्षं उगाचच बोललो."

आले ते पागोट्यातच. दोन शब्द बोला म्हटल्यावर थेट कीर्तनालाच उभे राहिले. हरवलेल्या एका मेंढरासाठी बाकीची नव्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची, येशूने सांगितलेली गोष्ट त्यांनी पाऊण तास लावून धरली. मी मान खाली घालून बसलो होतो. शेवटी पवनेकाठचे एक आबा मागून उठले. ते स्वतः मेंढरं राखायचे. म्हणाले, "गोष्ट लय ग्वाड हाय. पर ती नव्याण्णव कुणाच्या हवाली केली?"

घरमालकांनी पागोटं सारखं केलं. ते खाली बसले.

पुढचे तीन आठवडे माझे हाल झाले. मी दाढी करत असलो, वह्या तपासत असलो, तरी त्यांचा तोच प्रश्न. 'दृष्टांताचा असा कीस काढू नये' म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना वाटेला लावलं होतं. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, गोष्ट आहे ती."

"माझा देव आहे तो," ते म्हणाले. "तो नव्याण्णवांना उघड्यावर टाकून गेला, असं साऱ्या गावाला सांगून मी खाली बसलोय."

शेवटी दुखरे गुडघे घेऊन, थोडं गाडीने, थोडं पायी, ते पवनेकाठी आबांच्या वाडीवर गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते फुलून. आबांनी सांगितलं होतं, "शेजाऱ्याच्या हवाली करायची. बगा रं जरा म्हनायचं आन् निघायचं. शेजारी न्हाई आसा मेंढका कुटं आसतोय?"

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ही गोष्ट शेजाऱ्यासकट चर्चमध्ये सांगितली. पाळकसाहेबांनी विचारलं, शास्त्रात शेजारी कुठे आहे? "लिहिलेला नसेल," घरमालक शांतपणे म्हणाले, "पण होता."

पुढे माझी तळेगावला बदली झाली आणि ते मुलीकडे सोलापूरला गेले. तिथेच वारले. मला पत्र मिळालं तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते. कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून पवनेकाठी गेलो. आबा मेंढरं घेऊन डोंगरात गेले होते. ते परत येईपर्यंत मी बांधावर बसून राहिलो.