फर्स्ट टाइम मदर

माझी आई माझ्या घरी पाणी पीत नाही. लग्नाला सात-आठ वर्षं झाली, अजून नाही. पनवेलजवळ सुकापूरच्या आमच्या फ्लॅटवर ती महिन्या-दोन महिन्यांनी येते, सोफ्यावर मांडी घालून बसते, जावयाची चौकशी करते, कुंडीतली तुळस वाळली म्हणून मला चार शब्द सुनावते आणि तहान लागली की पिशवीतून स्वतःची बाटली काढते. जेवायची वेळ झाली तर डबाही तिचाच. तांदळाची भाकरी, सुकट, कधी वालाची भाजी. मी वाढलेलं ताट हळूच बाजूला सारते आणि माझ्याच टेबलावर बसून आपला डबा उघडते.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. उरणच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे सगळ्यांनी ती पाळली. कोणाला जड गेली नाही, कारण वर्ष-दीड वर्षात बारसं व्हायचं आणि मुलीची आई पोटभर जेवून यायची. पुढे गावची मिठागरं गेली, शेतं गेली, भावाने दुमजली बंगला बांधला, आईच्या हातात स्मार्टफोन आला. रीत तेवढी जागच्या जागी राहिली.

दोघीच असलो की मला त्याचं फारसं काही वाटत नाही. चारचौघांत मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आई चहा का घेत नाहीत?" मी 'ॲसिडिटी' म्हणायला तोंड उघडलं, तोवर आईने सगळं सांगून टाकलं, अगदी मोकळ्या मनाने. काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं, नजर आपोआपच जाते. पण त्या दिवसानंतर आई आली की मी दार लोटून घ्यायला लागले.

एकदा चिडून मी आईला विचारलंही होतं, "माझ्या घरचं पाणी काय विषारी आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "तसं नाय गं बाय. तुजं बाल मांडीवर घेन नि मंगच पिन. आदी पिलं तं वाट बगाचं सोडलं असं होतं."

तिने वाट बघायची आणि मी डॉक्टरकडे जायचं, अशी आमची कामांची वाटणी होती. पनवेलचे डॉक्टर झाले, वाशीचे झाले. गोळ्या, इंजेक्शनं, रिपोर्ट, पुन्हा गोळ्या. शेवटी गेल्या दिवाळीनंतर नवरा म्हणाला, "आता पुरे. तुझे हाल बघवत नाहीत." मी पण म्हटलं, पुरे. हे आईला सांगायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे मीच सांगत नव्हते.

अशात आमच्याकडच्या मॉलमध्ये ते फ्रेंच रेस्टॉरंट उघडलं. फ्रेंच म्हणजे काय, मुंबई-पुण्यातल्या मॉलमध्ये असतं तेच. तेच पिवळे दिवे, तीच फळ्यावरची खडूची अक्षरं, काचेच्या कपाटात तेच केक. पण मला एकदम युक्ती सुचली. हॉटेल काही माझं सासर नाही. तिथल्या चुलीशी माझा संबंध नाही, पाणीही त्यांचंच. तिथे आई माझ्यासोबत जेवायला काय हरकत आहे? मी तिला फोन केला. ती म्हणाली, "हाटेलात ना? येन की."

आनंदाने मी टेबल बुक करायला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "एनी ऑकेजन, मॅम?" मी आपलं पनवेलकरांच्या नेहमीच्या मिसळभाषेत सांगितलं, "हो, फर्स्ट टाइम आहे, मदर. त्यांच्यासाठी काहीतरी स्पेशल करा." ती म्हणाली, "ओह, सो स्वीट, मॅम." मला वाटलं, कळलं हिला.

रविवारी दुपारी मी आणि नवरा रेस्टॉरंटच्या दारात उभे होतो, भाऊ गाडीने आईला सोडून गेला. जरीकाठी नऊवारी, हातभर बांगड्या, नाकात नथ. लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती आणि त्या खुर्च्यांच्या गर्दीत मला ती फार आवडली. खुर्चीवर बसून तिने सगळीकडे नजर फिरवली, मेनूकार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "पैशे कोन देनार?"

"आम्हीच देणार ना, आई."

"आमी म्हंजे जावई."

"हो, म्हणजे दोघंही."

"मंग ह्ये तुज्या सासरचंच झालं," ती म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

माझी सगळी वकिली एका वाक्यात आडवी झाली. नवरा म्हणाला, "आई, मग तुम्हीच द्या पैसे." त्याला वाटलं, सुटला प्रश्न. आई लाजून हसली. "जावई संगती असताना सासूनं पैशे द्याचे? लोक काय बोलतील?" जावयाने दिले तर खायचं नाही आणि आपण दिले तर जावयाचा अपमान. मी कपाळाला हात लावला.

मग आम्ही दोघं जेवलो आणि ती बघत बसली. कांद्याचं सूप आलं, वर पाव आणि वितळलेलं चीज. तार तुटेना, नवरा चमचा वर वर नेत होता. मशरूम घातलेले क्रेप आले. आईने मान पुढे करून पाहिलं आणि म्हणाली, "ही तं घावनंच हायत. घावनं खायाला एवडी तयारी?" तिच्याशिवाय कोणी हसलं नाही. वाढणारी मुलगी सारखी येऊन विचारत होती, "आजींना काही आणू का?" दुसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, "त्यांचा उपास आहे." ती पाठमोरी होते न होते तोच आई म्हणाली, "उपास कुटं हाय माजा? खोटं कशाला बोलतंस?" शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मला आईचा राग आला, तिच्या बाटलीचा राग आला. झाकणाला लाल धागा बांधलेली ती प्लॅस्टिकची बाटली, आणि बाजूला ते उंच काचेचे ग्लास. त्या टेबलावरून ती बाटली सगळ्यांना ओरडून सांगत होती की हिला मूल नाही.

मी बिल मागवणार, इतक्यात आतला दिवा मंद झाला. वाढणारी मुलगी आणि तिच्यामागून आणखी दोघं टाळ्या वाजवत आले. मोठी पांढरी बशी, मधोमध चॉकलेटच्या केकचा तुकडा, त्यावर पेटती मेणबत्ती. बशीच्या कडेला चॉकलेटच्या रसाने इंग्रजीत लिहिलं होतं, काँग्रॅच्युलेशन्स, फर्स्ट टाइम मदर. आणि खाली दोन इवलीशी पावलं काढली होती.

मी वाचलं आणि माझ्या कानांतून वाफा निघाल्या. पहिल्यांदा येणारी आई. पहिल्यांदा आई होणारी. माझंच वाक्य माझ्यासमोर बशीत मांडून आलं होतं. नवऱ्याने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लगेच नॅपकिनची घडी घालायला लागला. वाढणारी मुलगी पुढे आली. तिने वाकून, अगदी प्रेमाने म्हटलं, "मॅम, बाळासाठी खूप खूप शुभेच्छा." शेजारच्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. आणि मी हसले. माझ्या तोंडाने 'थँक्यू' म्हटलं. त्या सगळ्यांसमोर, दोन क्षण, मी खरोखर होणारी आई होते, आणि ते मला इतकं गोड लागलं की त्याची आठवण आली तरी आजही मान खाली जाते.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण पावलं वाचायला कशाला शिकायला हवं? तिने ती पावलं पाहिली, 'बाळ' ऐकलं. तिचे डोळे भरून आले. तिने मेणबत्ती विझवून बाजूला केली, चमचा न घेता हाताने केकचा मोठा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सात-आठ वर्षांत माझ्याकडचा पहिला घास. तो चावताना तिचे गाल हलत होते आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

"बाय," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "आदी सांगाचं ना."

मी गप्प राहिले असते तर तिने ती बशी सगळी पुसून संपवली असती. घरी येऊन चहा प्यायली असती. गावभर फोन केले असते. मी गप्प राहायचा विचार केला नाही असं म्हणणार नाही. पण तिचा दुसरा हात टेबलाखालून माझ्या पोटाकडे आला, आणि मला ते सहन झालं नाही.

"आई, तसं काही नाही," मी म्हटलं. "फोनवर त्यांना चुकीचं कळलं. माझ्याच बोलण्यात घोटाळा झाला."

तिचा हात तिथेच थांबला. "म्हंजे?"

"म्हणजे नाहीये काही."

तोंडातला घास तोंडातच होता. मग तिने हळू आवाजात विचारलं, "मंग डाक्टर काय बोलतो?"

"डॉक्टर बंद केलाय. दिवाळीनंतर जातच नाही आम्ही. आम्ही थांबलोय, आई."

नवऱ्याने मान वर केली नाही. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ती घास रुमालात काढून ठेवेल, असं मला वाटलं. चूक झाली, चुकून खाल्लं, देवाला हात जोडून म्हणेल. मला ते चाललं असतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला तेच हवं होतं. तिने बाटली उघडावी, चूळ भरावी आणि पुन्हा आपला हट्ट धरून वाट बघत बसावं.

तिने घास चावला आणि गिळला. मग आणखी एक तुकडा मोडला. हा लहान होता, आणि तो तिने जाणूनबुजून, माझ्याकडे बघत खाल्ला. बोटाला लागलेलं चॉकलेट चाटलं. पावलांना मात्र तिने बोट लावलं नाही, त्या बाजूचा केक तसाच ठेवला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पानी दे."

बाटली तिच्या हाताशीच होती, अर्धी भरलेली. ती तिने घेतली नाही. मी माझा ग्लास पुढे सरकवला आणि सरकवता सरकवता माझा हात मागे ओढला जात होता. इतकी वर्षं मी तिच्यापुढे हाच ग्लास धरत आले होते. नको पिऊ, एवढंच म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार?

ती सगळं पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं, बाटली पिशवीत घातली आणि उठायला लागली.

"चला," ती म्हणाली, "घरी जाऊन चाय टाक. जावयालाबी आन मालाबी."