कोपऱ्यातली खिडकी

नव्या रबराचा वास आला की मला आमच्या भागातला मेट्रोचा मार्ग सुरू झाल्याचा पहिला दिवस आठवतो. माझा मित्र गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होता, आणि आम्हा दोघांनाही रेल्वेचं वेड. खांब उभे राहत होते तेव्हापासून ठरलं होतं, पहिल्याच दिवशी पहिल्या डब्यातून जायचं. पण तो कोरोनात गेला, म्हणून त्या दिवशी माझ्यासोबत त्याची बायको आली. डब्यात जमिनीच्या नव्या रबराचा वास होता आणि सगळे फोटो काढत होते. "ते कुठं उभे राहिले असते जी?" वहिनींनी विचारलं. मी ड्रायव्हरच्या केबिनमागची जागा दाखवली. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. गाडी वळली आणि तो जिथे वारला त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या अगदी समोर आल्या. "मले त फाटकातूनच परत पाठवलं होतं, भाऊजी. कोणत्या खिडकीत होते ते?" मलाही कोणी आत सोडलं नव्हतं. तरी मी बोट दाखवलं. "ती, कोपऱ्यातली." खिडकी मागे पडेपर्यंत त्या काचेला हात लावून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उजेड येत असन त्यायले." आता त्या दर महिन्याला, तो गेला त्या तारखेला, त्या गाडीने जातात, आणि मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.